अन्याय पाहून विश्वासी मनुष्य कां उठतो?

शास्त्रभाग: नहेम्या, अध्याय ५ वा. सोबत वाचावें: निर्गम २२:२१-२७ व लूक १०:२५-३७.



यरुशलेमेचा कोट नहेम्यानें कसा बांधिला, ही हकीकत आपल्या मंडळ्यांतील लहानथोरांच्या ओळखीची आहे. एका हातानें काम करणारे व दुसऱ्या हातांत हत्यार धरणारे ते लोक शब्बाथशाळेंतलीं मुलेंहि डोळ्यांपुढें आणूं शकतात. चवथ्या अध्यायांत शत्रूंची धमकी आहे. सहाव्यांत बावन्न दिवसांनीं कोट पुरा झाल्याची नोंद आहे. ह्या दोहोंच्या मध्यें पांचवा अध्याय आहे, आणि त्यांत एकहि दगड रचिला जात नाहीं. त्यांत आहे तें कर्ज, गहाण, राजाचा सारा, आणि दास्यांत गेलेलीं मुलें. कोटाची कथा सांगतांना हा भाग वगळून पुढें जाण्याचा मोह होतो, कारण येथें शत्रु बाहेरचा नाहीं. आजच्या पाठांत आपण मुद्दाम येथेंच थांबूं.

थांबण्याचें कारण असें. ह्या अध्यायांतील सावकार व ऋणको हे दोघेहि परमेश्वराचें नांव घेणारे आहेत. दोघेहि एकाच नियमशास्त्राखालीं वाढले. दोघेहि एकाच कोटासाठीं घाम गाळीत होते. तरी एकानें दुसऱ्याची मुलगी कर्जापोटीं राबावयास नेली, आणि त्यास त्यांत पाप दिसलें नाहीं. मग नहेम्यास तें कां दिसलें? एकच वचन ऐकणाऱ्या दोन माणसांपैकीं एक स्वस्थ बसतो व दुसरा उठतो, ह्याचें कारण काय? हा प्रश्न केवळ जुन्या काळाचा नव्हे. आपणहि वचन ऐकणारेच आहों, आणि आपणांपैकीं पुष्कळजण स्वस्थ बसलेले आहों.

१. हाक कोणीं मारिली?

पहिल्याच वचनांत एक लहानशी गोष्ट आहे. ओरड करणाऱ्यांत पुरुष होते, तशा त्यांच्या बायकाहि होत्या, असें लेखकानें नमूद केलें आहे. घरांत दाणा उरला नाहीं हें प्रथम बाईला कळतें. चुलीपुढें बसणारीला उद्यांची चिंता आजच पडते. म्हणून तिचें रडणें ऐकिल्यावांचून गांवच्या दुःखाचा हिशेब पुरा होत नाहीं.

ह्या ओरडणाऱ्यांचे तीन वर्ग होते. पहिल्या वर्गाजवळ खाणारीं तोंडें पुष्कळ होतीं आणि धान्य नव्हतें. दुसऱ्याजवळ शेतें, द्राक्षमळे व घरें होतीं, परंतु दुष्काळांत धान्य मिळावें म्हणून तीं सर्व गहाण पडलीं होतीं. तिसऱ्या वर्गास राजाचा सारा भरावयाचा होता, आणि त्यासाठीं त्यानें जमिनीवर पैसे काढिले होते. तिन्ही वाटा निरनिराळ्या ठिकाणाहून निघाल्या, पण पोहोंचल्या एकाच जागीं: मुलगे व मुली दास्यांत द्यावयाची वेळ आली. त्यांतहि कित्येक मुली आधींच गेल्या होत्या, आणि शेत दुसऱ्याच्या हातीं असल्यामुळें त्यांस सोडवून आणण्याचें साधन उरलें नव्हतें. कर्जाची रीत तेव्हां हीच होती व आजहि हीच आहे. ज्या शेताच्या उत्पन्नांतून कर्ज फिटावयाचें, तें शेतच प्रथम जातें. मग मनुष्याचे हातपाय गहाण पडतात.

ह्या लोकांनीं नहेम्यापुढें काय मागितलें तें पाहा. त्यांनीं भीक मागितली नाहीं. आमचें शरीर व आमच्या भाऊबंदांचें शरीर एकाच मातीचें आहे, आमचीं लेंकरें त्यांच्या लेंकरांसारखींच आहेत, अशा अर्थाचें ते बोलले. म्हणजे त्यांनीं नातें सांगितलें. दुःखिताच्या तोंडून नातें ऐकून घेणें, ही विश्वासी माणसाच्या उठण्याची पहिली पायरी आहे. सावकारास त्या मुलींत केवळ वसूल व्हावयाची बाकी दिसत होती; नहेम्यास बहिणी दिसल्या.

२. राग, आणि रागानंतरचा विचार

हें ऐकून नहेम्या फार संतापला. विश्वासी मनुष्यास राग येणेंच शोभत नाहीं असें कित्येकांस वाटतें. परंतु सभास्थानांत हात वाळलेला मनुष्य उभा असतां, लोकांच्या अंतःकरणांचा कठीणपणा पाहून प्रभूनेंहि त्यांजकडे रागानें पाहिलें, असें मार्काच्या तिसऱ्या अध्यायांत आपण वाचितों. दुसऱ्यावर अन्याय होत असतां ज्यास कधींच राग येत नाहीं, त्याच्या शांतीविषयीं आपण फार गौरवानें बोलूं नये. ती पुष्कळदां केवळ सोय असते.

तथापि नुसता राग म्हणजे दया नव्हे. सातव्या वचनांत असें आहे कीं, नहेम्यानें आपल्या मनाशीं विचार केला, आणि मग सरदार व अधिकारी ह्यांस तोंडावर दोष दिला. आपल्या महाराष्ट्रांतील एक गोष्ट येथें आठवण्याजोगी आहे. १८७५ सालच्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें व दुकानें गांठून त्यांच्या वह्या व खतें हस्तगत केलीं आणि जाळलीं. तें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील दुसऱ्या गांवांत पसरलें. मग सरकारनें चौकशी केली, आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. कर्जाचे कागद जळल्यानंतर राज्यकर्त्यांस ती हाक ऐकूं आली. परंतु ती हाक कित्येक वर्षें चाललेलीच होती. ज्यांचें ऐकावयास कोणी नसतें, त्यांचा राग अखेर आगकाडी शोधितो. म्हणून ज्याला अन्यायाची झळ लागलेली नाहीं, त्यानें वेळेवर रागावणें व त्या रागास विचाराची जोड देणें, ही शेजाऱ्यावरील मोठी दया आहे. तिजमुळें पुष्कळांचीं घरें वांचतात, सावकाराचेंहि वांचतें.

आणखी हें ध्यानांत ठेवावें कीं, नहेम्यानें प्रथम दोषी माणसांस गांठलें. त्यानें पाठीमागें कुजबुज केली नाहीं, व गोरगरिबांस चिथावून तो स्वतः दूर राहिला नाहीं. त्यानंतर त्यानें मोठी सभा भरविली आणि सर्वांसमक्ष विचारलें. त्यांस उत्तर सुचलें नाहीं. ते उगेच राहिले.

३. त्यानें स्वतःची वही उघडिली

दहावें वचन हा ह्या अध्यायाचा गाभा आहे. नहेम्या म्हणतो कीं, मी, माझे भाऊबंद व माझे चाकर ह्यांनींहि लोकांस पैसा व धान्य दिलेलें आहे. हें देणेंघेणें आपण सोडून देऊं. त्यानें स्वतः व्याज घेतलें होतें कीं नाहीं ह्याविषयीं भाष्यकारांत मतभेद आहे. परंतु एवढें स्पष्ट आहे कीं, दुसऱ्यांस ‘तुम्ही सोडा’ असें न म्हणतां तो ‘आपण सोडूं’ असें म्हणाला. दोष देतांना तो जसा त्यांच्या पुढें उभा राहिला, तसा सोडून देतांना तो त्यांच्या रांगेंत उभा राहिला.

मग त्यानें काय मागितलें? शेतें, द्राक्षमळे, जैतुनाचे मळे व घरें त्याच दिवशीं परत करावीं. आणि पैसा, धान्य, द्राक्षारस व तेल ह्यांवर घेतलेला शंभरावा हिस्सा सोडावा. हा हिस्सा दरमहा शेंकडा एक, म्हणजे वर्षास शेंकडा बारा असावा, असें पुष्कळजण समजतात. आपल्या खेड्यांतील वाचकांस हा दर कदाचित् हलकाच वाटेल. त्यावरून आपली स्थिति काय आहे तें कळतें. सावकारांनीं होकार दिला, तेव्हां नहेम्यानें केवळ शब्दावर विश्वास ठेविला नाहीं. याजकांस बोलावून शपथ घेवविली, आणि आपल्या वस्त्राचा ओचा झटकून दाखविला कीं, जो हें वचन मोडील त्यास देव असाच झटकून टाको. सभेंत वितळलेलें मन घरीं गेल्यावर पुनः घट्ट होतें, हें त्यास ठाऊक होतें.

शेवटल्या सहा वचनांत तो आपला हिशेब मांडितो. अर्तहशश्त राजाच्या विसाव्या वर्षापासून बत्तिसाव्या वर्षापर्यंत, म्हणजे इ. स. पूर्वी ४४५ च्या सुमारास सुरू झालेलीं बारा वर्षें, सुभेदाराचा म्हणून जो भत्ता त्यास मिळावयाचा तो त्यानें घेतला नाहीं. पूर्वींच्या सुभेदारांनीं लोकांपासून भाकर व द्राक्षारस ह्यांखेरीज चाळीस शेकेल रुपें घेतलें होतें. नहेम्याच्या पंक्तीस दीडशें यहूदी व अधिकारी असत. रोज एक बैल व सहा निवडक मेंढरें लागत. तरी तो भत्ता त्यानें मागितला नाहीं, कारण लोकांवरचें ओझें जड होतें. त्यानें जमीनहि विकत घेतली नाहीं. दुष्काळांत स्वस्त मिळालेल्या जमिनीचें दुःख ज्यास माहीत आहे, त्यास ह्या लहानशा वाक्याची किंमत कळेल.

तेव्हां आपल्या प्रश्नाचें उत्तर ह्या अध्यायांत असें मिळतें: अन्यायाची हाक पुष्कळांच्या कानीं पडते, परंतु ती ऐकून जो स्वतःची वही उघडितो, तोच खरोखर उठतो. ज्याची दया दुसऱ्याच्याच वहीपासून सुरू होते, त्याचा उपदेश लौकर संपतो.

४. न्यू जर्सींतील एक शिंपी

येथें कोणी म्हणेल कीं, नहेम्या सुभेदार होता. त्याच्या शब्दास वजन होतें. आपण साधीं माणसें काय करणार? म्हणून एका साध्या माणसाची हकीकत सांगतों.

जॉन वुलमन हा १७२० सालीं उत्तर अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतांत एका शेतकऱ्याच्या घरीं जन्मला. त्या वेळीं तो प्रांत इंग्रजांच्या अमलाखालीं होता, आणि आफ्रिकेंतून आणिलेल्या लोकांस गुलाम म्हणून विकण्याची व ठेवण्याची चाल तेथें सररास होती. वुलमन ज्या मंडळींत वाढला ती क्वेकर ह्या नांवानें प्रसिद्ध आहे. ते लोक सत्यवचनी, साधे व प्रार्थनाशील असत. तरी त्यांच्यांतहि पुष्कळांच्या घरीं गुलाम होते. १६८८ सालीं जर्मनटाऊन येथील चार बंधूंनीं गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध मंडळीपुढें ठेविला होता. परंतु ही गोष्ट फार जड आहे असें म्हणून वरच्या सभांनीं ती बाजूस ठेविली. ज्यांच्या पाठीवर ती गोष्ट खरोखर जड होती, त्यांस मात्र ती बाजूस ठेवितां आली नाहीं.

वुलमन वीस-बावीस वर्षांचा असतां माउंट हॉली गांवीं एका दुकानदाराकडे हिशेब लिहिण्यास राहिला. एके दिवशीं मालकानें आपली गुलाम बाई विकली, आणि विक्रीचें खत लिहून दे असें त्यास सांगितलें. घेणारा माणूस वाट पाहत उभा होता; तो मंडळींतलाच एक वयस्कर बंधु होता. वुलमनाच्या मनास मोठी टोंचणी लागली, पण मालकाचा हुकूम म्हणून त्यानें खत लिहिलें. लिहितांना त्यानें दोघांसहि इतकें सांगितलें कीं, गुलाम ठेवणें ख्रिस्ती धर्माशीं जुळत नाहीं असें मला वाटतें. तरी पुढें त्याच्या मनास समाधान झालें नाहीं. मीं हें लिहिण्यास नाहीं म्हटलें असतें तर बरें झालें असतें, असें त्यास वाटत राहिलें.

कांहीं काळानें दुसऱ्या एका तरुण बंधूनें तसलेंच खत लिहावयास सांगितलें, तेव्हां वुलमनानें नम्रपणें नकार दिला. तेव्हां तो तरुण म्हणाला कीं, गुलाम ठेवणें माझ्याहि मनास पुरें रुचत नाहीं, पण ही बाई माझ्या बायकोला देणगी म्हणून मिळाली. पाहा, एका माणसाच्या साध्या नकारानें दुसऱ्याच्या मनांतली झांकलेली गोष्ट तोंडावर आली.

पुढें वुलमन शिवणकाम करूं लागला व लहानसें दुकानहि चालवूं लागला. अक्षर चांगलें असल्यामुळें शेजारी त्याजकडून मृत्युपत्रें लिहवून घेत. एकदां एक शेजारी जबर दुखावून अंथरुणास खिळला. त्यानें आपलें मृत्युपत्र सांगितलें, आणि त्यांत एक तरुण गुलाम बाई आपल्या एका मुलाच्या नांवें लिहावयास सांगितली. वुलमनानें बाकीचें सर्व लिहिलें, तेवढा भाग सोडिला, आणि तो कागद घेऊन त्याच्या बिछान्याजवळ गेला. माणसाला गुलाम करणारा कागद माझ्या हातून लिहवत नाहीं, आणि जें लिहिलें त्याचे पैसेहि मला नकोत, असें त्यानें प्रेमानें सांगितलें. दोघांचें बराच वेळ गंभीर बोलणें झालें. अखेर त्या आजारी माणसानें त्या बाईस मोकळें करण्याचें कबूल केलें, आणि वुलमनानें मृत्युपत्र पुरें केलें.

तो जेथें जाई तेथें हाच त्याचा क्रम असे. गुलामांच्या धन्याकडे मुक्काम पडला, तर गुलामांच्या फुकट कष्टांतून मिळणारा पाहुणचार त्यास गोड लागत नसे. म्हणून निघतांना तो पैसे देऊन जाई, ते कधीं धन्यामार्फत व कधीं स्वतःच्या हातानें त्या चाकरी करणाऱ्या गुलामांसच मिळावे अशी तजवीज करी. वेस्ट इंडीज बेटांतील उंसाच्या मळ्यांत गुलामांचे हाल होत, म्हणून तेथील साखर खाण्याचें त्यानें सोडिलें. धंदा फार वाढूं लागला तेव्हां तोहि त्यानें कमी केला. १७५४ सालीं त्याचें गुलामगिरीविरुद्धचें पुस्तक छापून निघालें. १७५८ सालीं फिलाडेल्फिया येथील क्वेकरांच्या वार्षिक सभेंत हा प्रश्न निघाला. पुष्कळांनीं अजून वाट पाहावी असें म्हटलें, पण वुलमन उभा राहून बोलला. आणि जे बंधु गुलामांची खरेदीविक्री करतील त्यांस मंडळीच्या कारभारांतून दूर ठेवावें, तसेंच गुलाम ठेवणाऱ्यांच्या घरोघर जाऊन त्यांस समजवावें, असें ठरलें. घरोघर जाणाऱ्यांत वुलमनहि होता. १७७२ सालीं इंग्लंदांत यॉर्क येथें तो देवीच्या रोगानें वारला. त्यानंतर चार वर्षांनीं, १७७६ सालीं, त्या वार्षिक सभेनें आपल्या सभासदांस गुलाम ठेवण्याची सर्वस्वी मनाई केली. जर्मनटाऊनच्या त्या कागदापासून ह्या ठरावापर्यंत ८८ वर्षें लागलीं. सबंध अमेरिकेंत गुलामगिरी कायद्यानें बंद होण्यास १८६५ साल उजाडलें.

वुलमनाजवळ सत्ता नव्हती. त्याजजवळ एक लेखणी होती, आणि ती कशासाठीं चालवावयाची नाहीं हें त्यानें ठरविलें.

५. दयेचीं तीन मुळें

आतां दोन्ही गोष्टी एकत्र पाहूं. विश्वासी मनुष्यास उठविणाऱ्या दयेचीं मुळें तीन दिसतात.

पहिलें मूळ सुटकेची आठवण. परराष्ट्रीयांस विकलेल्या यहूदी बंधूंस आम्हीं शक्तीप्रमाणें सोडवून आणिलें, आणि तुम्ही त्यांस पुनः विकतां काय, असें नहेम्यानें आठव्या वचनांत विचारलें. निर्गमांत व अनुवादांत परमेश्वर इस्राएलास वारंवार मिसरची आठवण देतो, ती ह्याचसाठीं. आपणांपैकीं पुष्कळांच्या वाडवडिलांचीं घरें गांवकुसाबाहेर होतीं, आणि वतनाच्या नांवानें त्यांजकडून रात्रंदिवस वेठ घेतली जाई. तीं कनिष्ठ गांववतनें रद्द करणारा कायदा १९५८ सालीं झाला. हा आपला मिसर देश होय. परंतु आठवण दोन तऱ्हांची असते. एक मनुष्य म्हणतो, मीं सोसलें, म्हणून दुसऱ्यानें सोसूं नये. दुसरा म्हणतो, मीं सोसलें, आतां माझी पाळी. घर वर आल्यावर आपल्याच भाऊबंदास भारी व्याजानें पैसे देणारा मनुष्य मिसर विसरलेला नसतो; तो फारोचा धडा गिरवीत असतो.

दुसरें मूळ देवाचें भय. नवव्या व पंधराव्या वचनांत नहेम्या हेंच कारण सांगतो. पूर्वींच्या सुभेदारांनीं जें केलें तें मीं केलें नाहीं, कारण मला देवाचें भय होतें, असें त्याचें म्हणणें आहे. ऋणको गरीब आहे, त्यास लिहितां येत नाहीं, तो कोर्टांत जाणार नाहीं. म्हणजे हिशेब पाहणारा कोणी नाहीं असें सावकारास वाटतें. देवाचें भय म्हणजे, हिशेब पाहणारा आहे, हें जाणून चालणें.

तिसरें मूळ नातें. येथें मात्र प्रभूनें नहेम्याच्याहि पुढची वाट दाखविली. नहेम्या आपल्या यहूदी बंधूंसाठीं उठला. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायांत भावासाठीं एक नियम व परक्या दासासाठीं दुसरा नियम होता. परंतु शास्त्र्यानें शेजारी कोण म्हणून विचारलें, तेव्हां प्रभूनें शोमरोनी मनुष्याची गोष्ट सांगून ती हद्दच काढून टाकिली. त्या वाटेवर याजकानें व लेव्यानेंहि जखमी मनुष्यास पाहिलें होतें. शोमरोनी मात्र पाहून जवळ गेला. त्याची दया तेल व द्राक्षारस, स्वतःचें जनावर, दोन दीनार, आणि पुनः येण्याचें वचन, इतक्या खर्चाची होती. म्हणून आपल्या मंडळीच्या पटावर ज्याचें नांव नाहीं, त्याच्या दुःखासाठींहि आपणांस उठावें लागेल. केवळ आपल्याच लोकांचा अन्याय दिसणें ही अर्धी दृष्टि होय.

६. आपल्या गांवांत

कायदा आज दुर्बळाच्या बाजूस आहे, हें प्रत्येक उपदेशकास व बायबलबाईस ठाऊक असावें. राज्यघटनेच्या २३ व्या कलमानें वेठ व बळजबरीचें काम मना केलें आहे. कर्जाच्या किंवा आगाऊ रकमेच्या मोबदल्यांत माणसाचें जाणें-येणें व काम निवडणें ज्या बंधनानें खुंटतें, तें बंधन १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्यानें रद्द झालें. त्यापायीं राहिलेलें ऋणहि संपलें असें ठरलें, व त्यासाठीं अडकविलेली मालमत्ता परत द्यावी असें सांगितलें. ह्याचा अंमल जिल्हाधिकाऱ्याकडे असून जिल्ह्यास व उपविभागास दक्षता समिती असावी अशी तरतूद आहे. परवान्यावांचून सावकारी करणें हा महाराष्ट्रांत २०१४ च्या कायद्यानें गुन्हा आहे. त्याची तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करितां येते. परंतु लिहिलेला कायदा आपल्या पायांनीं गांवांत येत नाहीं. त्यास कोणीतरी हात धरून आणावें लागतें.

आपल्या कोरडवाहू भागांतून दरवर्षीं पाऊसकाळ सरल्यावर पुष्कळ कुटुंबें ऊंस तोडावयास जातात. मुकादमाकडून नवराबायको मिळून एका कोयत्याची उचल घेतात. हंगामांत ती फिटली नाहीं तर बाकी पुढील हंगामावर चढते. उचल घेणें म्हणजे सर्वत्र वेठच असें नाहीं. परंतु बाकीच्या भीतीनें मनुष्यास घरीं परततां येत नसेल, आजारी बाईस काम थांबवितां येत नसेल, मुलाची शाळा तुटत असेल, तर तेथें पांचव्या अध्यायांतलीच हाक उठत आहे. वुलमनानें ज्या साखरेविषयीं विचार केला ती परदेशची होती. आपल्या चहांतील साखर कोणाच्या हातांनीं तोडिलेल्या उंसाची आहे, एवढें तरी आपण विचारावें.

उपदेशकबंधु व शिक्षकबंधूंनो, खेड्यांत पुष्कळदां कागद तुमच्याच हातीं प्रथम येतो. अर्ज, करार, उचलीची चिठ्ठी तुम्हांला वाचावयास किंवा लिहावयास देतात. अंगठा उमटण्यापूर्वीं तो कागद सबंध मोठ्यानें वाचून दाखवा. रक्कम, व्याज व मुदत ऐकणाऱ्याच्या तोंडून परत म्हणवून घ्या. जो कागद माणसास बांधितो तो लिहूं नका, आणि कां लिहीत नाहीं तें प्रेमानें सांगा. मंडळीच्या पंचांनींहि वर्षांतून एकदां आपसांतल्या देण्याघेण्याचा विचार एकत्र बसून करावा. त्या बैठकींत कोणाचें नांव काढावयाचें तें ठरविण्यापूर्वीं प्रत्येकानें नहेम्याप्रमाणें आपली वही मांडावी. बाहेरच्या सावकाराविरुद्ध बोलण्याचा अधिकार तेथूनच मिळतो.

ह्या कामांत लवकर फळ दिसेल असें वचन कोणासहि दिलेलें नाहीं. नहेम्याच्या सभेंत एका दिवसांत शेतें परत झालीं. वुलमनाच्या मंडळीस कित्येक वर्षें लागलीं. पण त्या आजारी शेजाऱ्याच्या बिछान्यापाशीं एका बाईची सुटका ठरली, ती त्याच भेटींत ठरली. सर्वांची सुटका होईपर्यंत एकाची सुटका थांबवावी, असें शास्त्रांत कोठेंहि सांगितलेलें नाहीं.

वर्गांत विचारण्याचे प्रश्न

१. ओरड करणाऱ्यांचे तीन वर्ग कोणते? आपल्या गांवांत त्यांपैकीं कोण कोण आढळतात?

२. राग आल्यावर नहेम्यानें कोणत्या क्रमानें पावलें टाकिलीं? तो क्रम बदलला असता तर काय झालें असतें?

३. ‘तुम्ही सोडा’ आणि ‘आपण सोडूं’ ह्यांत काय अंतर आहे?

४. वुलमनानें पहिलें खत लिहिलें व दुसरें लिहिलें नाहीं. मधल्या काळांत त्याच्या मनांत काय घडलें असावें?

५. आपल्या हातून होणारें असें एखादें काम आहे काय, कीं ज्यामुळें दुसऱ्यावर ओझें पडतें, आणि जें आपण ह्याच आठवड्यांत थांबवूं शकतों?

कुटुंबप्रार्थनेचा विषय: जीं कुटुंबें कर्जापायीं घर सोडून गेलीं आहेत, त्यांच्यासाठीं व त्यांच्या मुलांसाठीं; तसेंच ज्यांच्याकडे इतरांचें गहाण आहे, त्यांस तें परत करण्याचें धैर्य मिळावें म्हणून.